ऑटोकॅडची वर्कस्पेस बदलताना या चुका टाळा

"सर, ड्रॉइंग बिघडलं, वरचं सगळंच गेलं!" वाळूजला नव्यानं लागलेल्या पोराचा असा फोन आला की मी आधी विचारतो, कंट्रोल आणि शून्य दाबलं गेलं का? बऱ्याचदा तेच निघतं. पुन्हा तेच दाबलं की सगळं जागेवर. तरी रिबन, म्हणजे वरची बटणांची पट्टी, आली नाही तर रिबन (RIBBON) हीच कमांड टाइप करा.

टूलरूममध्ये फिटरची हत्यारं वेगळी मांडतात, टर्नरची वेगळी. जॉब तोच असतो. वर्कस्पेस म्हणजे ऑटोकॅडच्या पडद्यावरच्या हत्यारांची अशीच मांडणी. म्हणून थ्रीडी मॉडेलिंग निवडलं की प्लॅन आपोआप उभा राहत नाही, एक्स्ट्रूड करावंच लागतं, म्हणजे सपाट आकाराला उंची द्यावी लागते. यादीत थ्रीडी दिसतच नसेल तर तुमच्याकडे बहुधा एलटी, म्हणजे ऑटोकॅडची थ्रीडी नसलेली हलकी आवृत्ती आहे. उगाच शोधू नका. मिलिमीटर-इंचाचा घोळही वर्कस्पेसचा नव्हे, तो टेम्प्लेटचा, म्हणजे ज्या कोऱ्या नमुना फाइलवरून ड्रॉइंग सुरू केलं तिचा.

सगळ्यात महागात पडणारी चूक मीही केली आहे. एकाच पीसीवर, एकाच लॉगिननं तीन शिफ्ट. पॅनल बंद केले, पॅलेट सरकवले आणि 'सेव्ह करंट ॲज' करताना ड्राफ्टिंग अँड ॲनोटेशन हे मूळ वर्कस्पेसचंच नाव दिलं. पुढच्या शिफ्टचा माणूस तासभर डायमेन्शन शोधत बसला, मग माझा उद्धार झाला. स्वतःच्या नावानं वेगळी वर्कस्पेस सेव्ह करा. खाली उजवीकडच्या दातेरी चाकातून वर्कस्पेस सेटिंग्जमध्ये जाऊन बदल आपोआप सेव्ह होणं बंद ठेवा. मग मांडणी कितीही विस्कटली तरी तीच वर्कस्पेस पुन्हा निवडली की काम झालं. 'रिसेट सेटिंग्ज टू डिफॉल्ट' हा शेवटचा उपाय, तोही बॅकअप घेऊनच. त्यात तुमचं बाकीचं कस्टमायझेशनही धुऊन निघतं.

जुन्या मंडळींनी क्लासिक ही जुनी वर्कस्पेस शोधू नये, 2015 च्या आवृत्तीपासून ती काढलीय. मेनूबार (MENUBAR) टाइप करून किंमत 1 केली की निदान जुने मेनू येतात.

अन् हो, पेनड्राइव्हवर ड्रॉइंग नेलं तरी वर्कस्पेस सोबत जात नाही. ती सीयूआयएक्स फाइलमध्ये असते. सीयूआय कमांडच्या ट्रान्सफर टॅबमधून न्यावी लागते. लातूरच्या क्लासमधली तुमची मांडणी वाळूजच्या इंटरव्ह्यूला कुठून दिसणार? तिथं एल (लाइन), टीआर (ट्रिम), ओ (ऑफसेट) हे शॉर्टकट हाताखाली असलेले बरे.