पेट्रोलच्या दराचा हिशेब मांडताना या चुका टाळा

सप्टेंबर २०१७ मध्ये मुंबईत पेट्रोल लिटरमागे ८० रुपयांच्या घरात पोचलं. तीन वर्षांपूर्वी एवढाच दर होता, तेव्हा कच्चं तेल शंभर डॉलरच्या वर होतं, २०१७ मध्ये मात्र पन्नाशीत. पंपाच्या पावतीमागे मी भागाकार मांडला आणि ‘लूट आहे’ म्हणून मोकळा झालो. संशय अगदीच खोटा नव्हता, पण हिशेब चुकला होता.

मोठी चूक हीच: कच्च्या तेलाचा भाव तोच पेट्रोलचा भाव, असं धरणं. ऑगस्टअखेर टेक्सासवर हार्वे वादळ धडकलं आणि अमेरिकेची जवळपास पाव शुद्धीकरण क्षमता बंद पडली. पोर्ट आर्थरची, त्या देशातली सर्वात मोठी रिफायनरीसुद्धा. तिथं कच्चं तेल उतरलं आणि पेट्रोल चढलं! दारात गव्हाची पोती पडलीत, पण गिरणीच बंद. मग गहू कोण घेणार, आणि पीठ स्वस्त कुठून मिळणार? आपल्या पेट्रोलियममंत्र्यांनी तेव्हा अमेरिकेतल्या वादळांकडे बोट दाखवलं, त्यावर आम्ही हसलो. कारण खरं होतं, फक्त अर्धं. २०१४ मध्ये लिटरला ९.४८ रुपये असलेलं केंद्राचं उत्पादन शुल्क तोवर २१.४८ झालं होतं, हे त्यात नव्हतं.

बॅरलच्या किमतीला १५९ लिटरनं भागू नका. त्यातून डिझेल, विमानाचं इंधन, डांबरही निघतं. अमेरिकेतही पेट्रोल निम्म्याच्या आसपासच.

रिफायनऱ्यांची संख्या मोजूनही काही कळत नाही. अमेरिकेत १९८१ मध्ये त्या तीनशेहून जास्त होत्या, आता १३० च्या आसपास. क्षमता मात्र साधारण तेवढीच, दिवसाला १ कोटी ८० लाख बॅरल. पाहायचं ते हे, की मोकळी क्षमता किती उरली आहे. कोविडच्या काळात तिथली सुमारे दहा लाख बॅरलची क्षमता कमी झाली, पुढं युक्रेन युद्ध आलं. जून २०२२ मध्ये पेट्रोल गॅलनला सरासरी पाच डॉलरच्या वर गेलं, तेव्हा कच्चं तेल १२० च्या आसपास होतं. जुलै २००८ मध्ये कच्चं तेल १४७ ला टेकलं होतं, तरी पेट्रोल चारच्या थोडंसंच वर. मधला फरक बराचसा गिरणीवाल्याचा, म्हणजे रिफायनरीचा. कच्च्या तेलाचा भाव आणि त्यातून निघालेल्या इंधनाचा भाव यांतल्या अंतराला बाजारात ‘क्रॅक स्प्रेड’ म्हणतात. वादळाची बातमी आली की तो बघा.

आणि कोकणातल्या वादात हमखास ऐकू येणारं वाक्य: इथं रिफायनरी आली की पेट्रोल स्वस्त होईल. प्रकल्पाच्या बाजूनं किंवा विरोधात बोलायला इतर मुद्दे पुष्कळ आहेत, हा सोडा. देशाला लागतं त्याहून जास्त पेट्रोल आपण आजच गाळतो, उरलेलं निर्यात करतो. दराची मोजपट्टी परदेशी बाजाराची, वर केंद्राचा आणि राज्याचा कर. माहुलला दोन रिफायनऱ्या आहेत. शेजारी चेंबूरच्या पंपावर जाऊन दर वाचा.