स्पेक्ट्रम सेन्सिंगचा प्रकल्प करताना या चुका टाळा

कॉग्निटिव्ह रेडिओ म्हणजे कुठला चॅनेल रिकामा आहे ते स्वतः ऐकून (यालाच स्पेक्ट्रम सेन्सिंग म्हणतात) त्यावर काम करणारा रेडिओ. साताऱ्यात अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाला कॉग्निटिव्ह रेडिओचा प्रकल्प घेणाऱ्या विद्यार्थ्यांचे सिम्युलेशनमधले सुबक आलेख गच्चीवर अँटेना लावताच बिघडतात, आणि पहिला संशय अल्गोरिदमवर घेतला जातो. दोष बहुतेक वेळा नॉइजच्या, म्हणजे सिग्नल नसतानाही असणाऱ्या गोंगाटाच्या, मोजमापात असतो. तपासणी तिथूनच सुरू करावी.

एनर्जी डिटेक्शनमध्ये चॅनेलमधील ऊर्जा मोजून ती थ्रेशोल्डच्या, म्हणजे आधी ठरवलेल्या पातळीच्या, वर गेली, तर परवानाधारक वापरकर्ता (उदा. टीव्ही केंद्र) हजर आहे असे मानतात. सिग्नल क्षीण असेल तर सॅम्पल वाढवले की भागेल, हा समज नॉइजची पातळी तंतोतंत ठाऊक असेल तोवरच खरा असतो. ती १ डेसिबलने वर किंवा खाली असण्याची शक्यता असेल, तर सिग्नल-नॉइज गुणोत्तर सुमारे उणे ३.३ डेसिबलच्या खाली गेल्यावर कितीही वेळ ऐकले तरी खात्रीचा निर्णय मिळत नाही. या मर्यादेला एसएनआर वॉल म्हणतात. टीव्हीच्या रिकाम्या चॅनेलवर चालणाऱ्या नेटवर्कसाठीच्या आयईईई ८०२.२२ या मानकात डिजिटल टीव्हीचा सिग्नल उणे ११६ डीबीएमपर्यंत (एक मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली शक्ती) ओळखण्याची अपेक्षा आहे, आणि ६ मेगाहर्ट्झच्या चॅनेलमध्ये निव्वळ औष्णिक नॉइजच उणे १०६ डीबीएमच्या आसपास असतो, हे पाहिले की निव्वळ ऊर्जा मोजून तिथे का निभत नाही ते कळते. अशा ठिकाणी सिग्नलच्या पायलटचा (त्यात मुद्दाम घातलेल्या ओळखीच्या खुणेचा) किंवा सायक्लोस्टेशनरी, म्हणजे ठरावीक काळाने पुनरावृत्त होणाऱ्या, गुणधर्मांचा आधार घ्यावा लागतो.

थ्रेशोल्ड ठरवताना अँटेना काढून ५० ओहमचे टर्मिनेशन लावणे योग्यच आहे, परंतु त्यातून रिसीव्हरचा स्वतःचा नॉइज तेवढा कळतो. एलईडी दिवे आणि चार्जर यांचा गोंगाट अँटेनातून येतो, त्यामुळे रिकाम्या चॅनेलवर अँटेनासह दुसरे मोजमाप घ्यावे, तेही डोंगल (संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) तापून स्थिरावल्यानंतर. ऑटोमॅटिक गेन (सिग्नलनुसार आपोआप बदलणारे प्रवर्धन) सुरू ठेवून स्थिर थ्रेशोल्ड वापरणे ही तर सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण गेन हलला की जुन्या थ्रेशोल्डला काही अर्थ उरत नाही.

आरटीएल-एसडीआर डोंगलचा, सिग्नलचे आकड्यांत रूपांतर करणारा कन्व्हर्टर ८ बिटांचा असतो; जवळच्या एफएम केंद्राने तो भरून गेला की नसलेले सिग्नल दिसू लागतात. गेन १० डेसिबलने कमी करून पाहावा: खरा सिग्नल तेवढाच उतरतो, भासमान मात्र त्याहून कितीतरी जास्त.

शहराच्या दक्षिणेला अजिंक्यतारा उभा आहे. किल्ल्याच्या आडोशाला ठेवलेल्या रिसीव्हरला पलीकडच्या प्रक्षेपकाचा सिग्नल जाणवला नाही, तर तो चॅनेल रिकामा ठरत नाही. त्यासाठी अनेक नोड (वेगवेगळे रिसीव्हर) एकत्रितपणे निर्णय घेतात, पण ते एकाच गच्चीवर मांडले तर सगळे एकाच सावलीत राहतात. शिवाय पाचांपैकी एकाने जरी होकार दिला तरी चॅनेल व्यापलेला मानायचा, असा नियम ठेवल्यास आणि प्रत्येकाची खोट्या इशाऱ्याची शक्यता १० टक्के असल्यास, एकत्रित शक्यता ४१ टक्क्यांवर जाते. म्हणून प्रत्येकाचा थ्रेशोल्ड नव्याने बसवावा.

चाचणीसाठी टीव्ही किंवा एफएम पट्ट्यात स्वतः प्रक्षेपण करू नये, त्याला परवाना लागतो. सिग्नल जनरेटर आणि रिसीव्हर केबलने जोडून मध्ये सिग्नल ठरावीक प्रमाणात क्षीण करणारा अ‍ॅटेन्युएटर ठेवावा. त्यामुळे सिग्नल-नॉइज गुणोत्तरही नेमके ठाऊक राहते.