नसबंदी झालेल्या कुत्रीची घरी काळजी : पहिले चौदा दिवस

कुत्रीच्या नसबंदीत डॉक्टर बीजांडकोश आणि बहुतेक वेळा गर्भाशयही काढतात. त्यासाठी पोट उघडावं लागतं, म्हणून टाके कातडीला तर असतातच, शिवाय आत स्नायूंच्या थरालाही असतात. बाहेरचे दिसतात, आतले दिसत नाहीत. तिसऱ्या दिवशी कुत्री शेपूट हलवत उठते, भाकर खाते, अंगणातल्या कोंबडीमागे धावायला बघते. घरचे म्हणतात, झाली बरी, सोडा तिला. गावाकडे टाके उसवतात ते याच दिवसांत. तोवर आतलं पोट भरून आलेलं नसतं, ते निव्वळ धाग्याच्या जोरावर मिटलेलं असतं. तेव्हा खरं काम म्हणजे बरी दिसणारी कुत्री चौदा दिवस आवरून धरणं.

दवाखान्यातून निघताना

चार गोष्टी विचारा आणि कागदावर लिहून घ्या. चिरा पोटाखाली आहे की उजव्या कुशीत? टाके काढायचे आहेत की आपोआप विरघळणारे आहेत? कोणतं औषध, किती, किती दिवस? रात्री काही झालं तर फोन कोणाला करायचा? तालुक्याचा सरकारी दवाखाना संध्याकाळी बंद होतो, त्यामुळे शेवटचा प्रश्न विसरू नका. पशुसंवर्धनाच्या फिरत्या पथकाचा १९६२ हा टोल फ्री नंबरही मोबाईलमध्ये घालून ठेवा.

घरी आणताना ऑटो किंवा चारचाकी बघा. मोटारसायकलशिवाय इलाज नसेल तर दोन माणसं लागतात. मागच्यानं कुत्रीला रुंद टोपल्यात किंवा प्लास्टिकच्या क्रेटमध्ये आडवी धरायची, मान सरळ, तोंड मोकळं. पोत्यात घालून बांधून आणणं धोक्याचं आहे. गुंगीत मान दुमडली की श्वास अडतो, आणि उलटी झाली तर ती थेट फुफ्फुसात जाते.

पहिली रात्र

जागा जमिनीलगतची हवी. बाजेवर किंवा ओट्यावर ठेवू नका, अर्धवट शुद्धीत ती खाली पडते. गोठाही नको, तिथं शेण, माशी आणि गोचीड. कुटाराचा ढीग कुत्र्यांचा आवडता, पण त्यातले बारीक कण टाक्यांत अडकून बसतात. घरातला किंवा सपरीतला एक कोपरा झाडून घ्या, पोतं अंथरा, वर धुतलेली जुनी सुती साडी घाला. ती रोज बदलायची.

भुलीनंतर अंग स्वतःची गरमी सांभाळू शकत नाही. डिसेंबर-जानेवारीत नागपूर-गोंदियाकडे रात्रीचा पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा अंगावर घोंगडी टाका. गरम पाण्याची बाटली द्यायची तर टॉवेलात गुंडाळून. शेकोटीजवळ मात्र नेऊ नका. गुंगीतल्या जनावराला चटका बसतो तरी उठून बाजूला होता येत नाही. उन्हाळ्यात उलट अडचण. शक्य असेल तर एप्रिल-मे टाळूनच तारीख घ्या. तशी वेळ आलीच तर सावलीतली फरशी ओल्या फडक्यानं पुसून गार ठेवा. अंगावर पाणी ओतू नका.

कण्हणं, थरथरणं, डगमगत चालणं पहिल्या रात्री चालतं. पूर्ण शुद्धीवर येऊन मान उचलून धरेपर्यंत तोंडात काही घालू नका, पाण्याचा घोटही नाही. नंतर अर्धी वाटी पाणी द्या. अर्धा-पाऊण तास थांबा, उलटी झाली नाही तर पुन्हा थोडं. रात्री नेहमीच्या खुराकाच्या पाव हिस्सा मऊ भात आणि उकडलेलं अंडं पुरे. दूध देण्याची आपल्याकडे घाई असते, पण बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही आणि हगवण लागते. तर्री, झुणका, कांदा-लसणाची भाजी दोन आठवडे बंदच. कांदा-लसूण तर एरवीही कुत्र्याला देऊ नये, त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

झोपण्याआधी आणि पहाटे एकदा ओठ वर करून हिरड्या बघा. गुलाबी हव्यात. बोटानं दाबून सोडलं की पांढरा डाग दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवा. हिरड्या पांढुरक्या, पाय गार, पोट फुगत चाललेलं आणि कुत्री उठायलाच तयार नाही, तर आत रक्तस्राव असू शकतो. सकाळची वाट बघू नका. (काही कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात; त्यांची खालची पापणी ओढून आतला रंग बघा.)

चाटणं थांबवा

कुत्र्याच्या लाळेनं जखम भरते हा समज गावोगाव आहे. लाळेत जंतू असतात आणि जीभ टाक्यांवर घासत राहते. रात्रभर चाटली तर सकाळी टाका सैल झालेला दिसतो. दातानं धागा ओढला तर काही मिनिटांचं काम.

गळ्यातला प्लास्टिकचा भोंगा मेडिकलमध्ये मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर रंगाची रिकामी बादली घासून-धुऊन घ्या. बुडाला गोल कापा, भोक मानेपेक्षा दोन बोटं मोठं. कापलेली कडा धारदार असते. सायकलची जुनी ट्यूब लांबीत चिरून त्या कडेवर चढवा. कडेजवळ चार छिद्रं पाडून नाडी ओवा आणि गळ्याच्या पट्ट्याला बांधा. बादलीचं तोंड नाकाच्या टोकापुढे थोडं जायला हवं. आखूड पडली तर ती मान वळवून बरोबर टाक्यापर्यंत पोचते. जेवताना काढा, पण तेवढा वेळ शेजारी बसा.

बादलीनं फारच बिथरत असेल तर सुती बनियन. डोकं गळ्यातून, पुढचे पाय बाह्यांतून, आणि खालचा घोळ पाठीवर ओढून गाठ. पोट झाकतं, हवाही लागते. लघवीला नेताना गाठ सोडून घोळ वर खोचा, नाहीतर बनियन ओलं होऊन तेच टाक्यांना चिकटतं. रोज धुतलेलं घाला. एवढं करूनही ती कापडावरून चाटत राहिली, तर बादलीला पर्याय नाही.

बांधायचं कसं

पाच-सहा फुटांचा दोर, रुंद पट्टा, सपाट जागा. ओट्याजवळ बांधू नका, उडी मारली तर लटकते. दिवसातून तीन-चार वेळा दोर हातात धरूनच लघवी-शौचाला न्यायची, पाच-सात मिनिटं, बस. लघवी चोवीस तासांत झाली पाहिजे. शौचाला दोन-तीन दिवस लागले तरी घाबरू नका, पोट रिकामंच असतं. वावरात, जागलीला (रात्री पिकाच्या राखणीला), गाडीमागे पळत जाणं सगळं बंद. पोरांनाही सांगा, तिला पुढच्या पायांनी उचलू नका.

ऑपरेशनच्या आधी ती माजावर होती किंवा नुकतीच उतरली होती, तर नर कुत्रे आणखी आठ-दहा दिवस दारात येतील, कारण वास लगेच जात नाही. नसबंदी झाली, आता काय होणार, असं म्हणून दुर्लक्ष करू नका. या दिवसांत नर लागला तर आतले टाके फाटतात.

टाके आणि माशी

सकाळ-संध्याकाळ उजेडात कुशीवर झोपवून टाके बघा आणि मोबाईलवर सारख्याच अंतरावरून फोटो काढा. काल-आजचा फोटो शेजारी ठेवला की फरक लगेच कळतो, फोनवरून डॉक्टरांना दाखवताही येतो. कडा किंचित लाल, पहिल्या दिवशी एक-दोन थेंब लालसर पाणी, हे ठीक. पिवळा पू, वास, टाक्यांमधली फट, गरम लागणारी सूज हे ठीक नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी न दुखणारा मऊ फुगा आला तर बहुधा उड्यांमुळे कातडीखाली पाणी साचलेलं असतं. तो सुईनं फोडू नका. आतला थर उघडला तरी असाच फुगा दिसतो, म्हणून डॉक्टरांचा हात लागायलाच हवा.

कोरड्या, मिटलेल्या जखमेला काही लावायची गरज नसते. हळद-तेल, राख, चुना, फिनाईल, जळालेलं ऑईल यांतलं काहीच नको. तेलकट लेपावर धूळ बसते आणि फिनाईलनं कातडी भाजते. पावसाळ्यात माशी ही मोठी भीती. ती ओल्या जागी अंडी घालते आणि एका दिवसात किडे पडतात. जागा कोरडी ठेवा, मच्छरदाणी लावा, माशी पळवणारा जनावरांचा स्प्रे डॉक्टरांना विचारून आणा. किडे दिसले तर टर्पेंटाईन ओतून घरीच उपाय करू नका. चिरा पोटापर्यंत गेलेला आहे हे ध्यानात ठेवा.

अंघोळ चौदा दिवस नाही. भिजली तर फडकं टेकवून टिपा, घासू नका.

औषधं

दुखण्यासाठी डॉक्टर बहुधा मेलॉक्सिकॅम देतात. ते वजनावर ठरतं आणि पोटात अन्न असताना द्यायचं. घरातली क्रोसिन, कॉम्बिफ्लाम, डायक्लोफेनॅक अर्धीसुद्धा नाही. क्रोसिनमधलं पॅरासिटामॉल कुत्र्याच्या यकृतावर जातं, बाकीच्यांनी जठराला जखमा होतात आणि मूत्रपिंडं बंद पडतात. जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली ती गिधाडांमुळे, पण कुत्र्याला ते त्याआधीही घातकच होतं. अँटिबायोटिकचा कोर्स मात्र कुत्री खेळायला लागली म्हणून अर्ध्यात सोडू नका.

आतडं बाहेर दिसलं तर

क्वचित घडतं, पण घडलं तर वेळ हातात नसतो. आत ढकलू नका. सलाईननं, ते नसेल तर अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचा सपाट चमचाभर मीठ घालून, स्वच्छ सुती कापड भिजवा. ते त्यावर ठेवा आणि पोटाभोवती टॉवेल गुंडाळा. खायला-प्यायला काही देऊ नका. तोंडाला नाडी बांधायची तर सैल, कारण वेदनेत पाळलेली कुत्रीही चावते. तसंच निघा, दवाखान्याला फोन वाटेतून.

शेवटचे दिवस

काढायचे टाके दहाव्या ते चौदाव्या दिवसांत निघतात. घरी ब्लेडनं कापू नका, कातडीत राहिलेला तुकडा पुढे गाठ करून पिकतो. टाके निघाल्यावर दोन-तीन दिवस दोरावरच लांब फिरवा, मग मोकळी सोडा. जागलीला न्यायची घाई अजून आठवडाभर नको. रानडुकरामागे ती जीव तोडून धावते. खुराक मात्र आता मोजून द्या. नसबंदीनंतर भूक वाढते आणि गरज कमी होते, म्हणून आधी चार भाकरी लागत असतील तर तीनवर या आणि महिन्याभरानं फासळ्यांवरून हात फिरवून बघा. हलकं दाबल्यावर फासळी हाताला लागली नाही, तर अजून अर्धी भाकर कमी करा.