तापलेली ड्रोन बॅटरी: उतरल्यानंतरच्या या चुका टाळा

गेल्या एप्रिलमध्ये नाशिकच्या मखमलाबादमधल्या एका मळ्यात प्री-वेडिंगचं शूट होतं. तीन बॅटऱ्या पाठोपाठ उडवल्या. ऊन उतरायच्या आत नवरीला सगळं आटपायचं होतं आणि मलाही. तिसरी बॅटरी हाताला चटका देत होती, तरी तशीच स्कूटरच्या डिकीत टाकली आणि कॉलेज रोडला घरी आलो. डिकी उघडली तर बॅटरीच्या दोन्ही बाजू पापडासारख्या फुगलेल्या. ड्रोनमध्ये ती परत बसलीच नाही.

चूक उडवण्यात नव्हती, डिकीत होती. वरून ऊन, खालून इंजिनची धग आणि मध्ये बंद डबा. उन्हात उभ्या चारचाकीचा डॅशबोर्डही तसलाच. शिवाय हवेत असताना पंख्यांचा वारा बॅटरीला लागत असतो, उतरल्यावर तो थांबतो. आतली उष्णता बाहेर येत राहते, म्हणून उतरल्यावर काही मिनिटं बॅटरी वरून जास्तच गरम लागते. उतरल्यानंतरचा हा अर्धा तास लोक हिशेबातच धरत नाहीत.

मुळात बॅटरी तापते ती आतल्या रोधामुळे. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. म्हणून स्पोर्ट मोडमध्ये पळवलेली किंवा वाऱ्याशी झुंजलेली बॅटरी जास्त तापून येते. सगळ्या बॅटऱ्या सारख्याच तापल्या तर काळजी नको. चारातली एकच नेहमी जास्त तापत असेल, तर तिचा रोध वाढलाय, ती म्हातारी झाली. बॅटरी कोमट आणि कनेक्टर मात्र कढत असेल, तर दोष बॅटरीचा नाही, पिन सैल किंवा काळी पडली आहे.

चार्जिंगची घाई

हे सगळ्यात जास्त घडतं ड्रोनने फवारणी करणाऱ्या भावांच्या बाबतीत. अवकाळी पाऊस झाला की द्राक्षांवरच्या डाऊनी रोगाच्या धास्तीने निफाड-दिंडोरीकडे सगळ्यांना एकाच सकाळी फवारणी हवी असते. बांधावर जनरेटर चालू, बॅटरी उतरली की थेट चार्जरला. गरम सेलमध्ये करंट ढकलला की आतलं रसायन विघटित होऊन वायू तयार होतो. फुगणं म्हणजे तोच वायू. बहुतेक कंपन्या चार्जिंगसाठी साधारण ५ ते ४० अंश तापमान सांगतात. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा तिथवर जातो, मग बॅटरीला निवायला वेळ जास्तच द्यावा लागतो.

उपाय पैशाचाच आहे: बॅटरीच्या जोड्या वाढवा. एक जोडी हवेत, एक चार्जरवर, एक सावलीत निवते आहे, असं चक्र बसवा. चार्जरवर करंटही आवरा. १६,००० एमएएचच्या बॅटरीला १६ ॲम्पियर म्हणजे १सी, म्हणजे बॅटरीच्या क्षमतेइतकाच करंट, त्यावर बहुतेक बॅटऱ्या सुखाने चालतात. लेबलवर जास्त लिहिलं असलं तरी ते रोज वापरायचं म्हणून नव्हे.

कॅमेरा ड्रोनची स्मार्ट बॅटरी गरम असताना चार्जच होत नाही, नुसता दिवा लुकलुकतो. ती बिघडलेली नसते. अर्धा तास थांबा. याच क्षणी लोक ती फ्रीजमध्ये ठेवतात. बाहेर काढल्यावर तिच्यावर दव धरतं आणि पाणी पिनांत जातं. बांधावर ओल्या गोणपाटात गुंडाळणं हाही त्यातलाच प्रकार, त्यात वर औषधाचे शिंतोडे असतात. सावली, मोकळी हवा आणि फार तर टेबलफॅन. तळहात पाच सेकंद आरामात टेकला की मग चार्जिंगचा विचार करा.

भरून ठेवणं

उद्या शूट आहे म्हणून आज पूर्ण चार्ज केली आणि शूट रद्द झालं. बॅटरी पंधरा दिवस ४.२ व्होल्ट प्रति सेलवर, म्हणजे पूर्ण भरलेली, पडून राहते आणि उन्हाळ्यात कपाटातच फुगते. दोन-तीन दिवस उडवणार नसाल तर ती प्रति सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणा, चार्जरमध्ये त्यासाठी स्टोरेज मोड असतो. उलट पार रिकामी करून ठेवणंही वाईटच.

फुगली तर

टाचणी टोचून हवा काढायचा सल्ला देणारे भेटतील. ऐकू नका, आत हवा नसते, पेट घेणारा वायू असतो. मिठाच्या पाण्याचा उपायही भरवशाचा नाही. टोकं गंजतात आणि आत चार्ज शिल्लक राहतो. धूर दिसला तर आधी माणसं लांब करा, कारण तो धूर विषारी असतो. चार्जरचा प्लग सुरक्षितपणे काढता आला तरच काढा. या बॅटरीवर पाणी टाकलं तर भडका उडतो असा समज आहे, पण वीज तोडलेली असेल तर लांबून भरपूर पाणी मारून ती थंड करणंच कामाचं.

माझी ती फुगलेली बॅटरी टोकांना चिकटपट्टी लावून गच्चीवर रेतीच्या पत्र्याच्या डब्यात पंधरा दिवस राहिली, मग ई-कचरा घेणाऱ्याकडे दिली. घंटागाडीत टाकली असती तर तिथे कचरा दाबला जातो, आणि तीही दाबली गेली असती.