गॅलरीत फोटो टाकण्याआधी: आमच्या स्टुडिओतली पद्धत

साताऱ्यात आमचा फोटो स्टुडिओ आहे. बाबांच्या काळात गिऱ्हाइकाला प्रिंट मिळायची आणि निगेटिव्ह बटरपेपरच्या पाकिटात, तारीख घालून, आमच्या कपाटात राहायची. आता मी ऑनलाइन गॅलरीची लिंक पाठवते. नीट विचार न करता पाठवलेली लिंक म्हणजे निगेटिव्हच दुसऱ्याच्या हाती देणं. म्हणून कपाटातली फाइल वेगळी आणि गॅलरीतली प्रत वेगळी. गॅलरीत मूळ फाइल कधीच चढवायची नाही.

माझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा. फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा निघतो, ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, छापला तर २० इंच रुंद होतो. गॅलरीसाठी मी लांब बाजू १६०० पिक्सेल करते, जेपेगची क्वालिटी ८० आणि कलर स्पेस एसआरजीबी, म्हणजे स्क्रीनसाठीची नेहमीची रंगपद्धत, ठेवते. स्क्रीनवर फोटो छान दिसतो, पण तितक्याच दर्जाने छापायला गेलं तर जेमतेम सव्वापाच इंच भरतो.

तरी लहान फाइलवर सगळी भिस्त ठेवू नका. काही वर्षांपूर्वी कास पठाराकडे जाताना रस्त्यालगतच्या फ्लेक्सवर मला माझाच सोनकीच्या फुलाचा फोटो दिसला. कोपऱ्यातलं माझं नाव तेवढं कापलेलं. फ्लेक्स लांबून बघायचा असतो, त्याला कमी पिक्सेलही पुरतात. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन फ्लेक्सच्या मालकांकडे गेले. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली कच्ची मूळ फाइल, उघडून दाखवली, शिवाय तिच्या मागच्या-पुढच्या फ्रेम, म्हणजे लागोपाठ टिपलेले फोटोही. आधीच्या फ्रेममध्ये पाकळीवर माशी बसलेली आहे, पुढच्या फ्रेममध्ये ती उडालेली आहे. त्यांच्याकडे एक फोटो होता, माझ्याकडे बारा. त्यांनी फ्लेक्स उतरवला आणि पैसेही दिले. तेव्हापासून चांगल्या फोटोच्या शेजारच्या फ्रेम मी डिलीट करत नाही. वॉटरमार्क, म्हणजे फोटोवरचं माझं नावही, कोपऱ्यात न टाकता फुलाच्या कडेला, देठाशी, फिकट टाकते. तिथून तो कापायचा म्हटलं तर फूलच कापावं लागतं.

नाव फोटोच्या आतही लिहा. बहुतेक कॅमेऱ्यांच्या मेनूत कॉपीराइटची जागा असते, तिथे एकदा नाव भरलं की प्रत्येक फाइलमध्ये आपोआप जातं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. ही अशी माहिती परवानगीशिवाय जाणूनबुजून काढून टाकणं तेव्हापासून गुन्हा आहे, २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हक्क फोटो काढल्याक्षणी मिळतो, नोंदणीची सक्ती नाही.

फाइलमध्ये नाव राहू द्या, फोटो कुठे काढला ती जागा मात्र काढून टाका. हे मी सगळ्यात कळकळीनं सांगते. पावसाळ्यात मी पठारावर फुलं टिपायला जाते. कंदीलपुष्पाचं एखादं झाड गवतात वीतभर उंचीचं असतं, दोन पावलांवरूनही नजरेतून सुटतं. पण लोकेशन चालू ठेवून मोबाइलनं काढलेल्या फोटोत अक्षांश-रेखांश बसलेले असतात. दशांशानंतरचे चार आकडे म्हणजे साधारण ११ मीटरपर्यंतचा पत्ता. या झाडांचे कंद लोक खातात, आणि कंद उकरला की झाड संपलं. घरट्यावर बसलेल्या पक्ष्याचंही तसंच. तिथे दहा माणसं पोचली तर पक्षी घरटं सोडून जाऊ शकतो.

लाइटरूम या फोटो एडिट करायच्या सॉफ्टवेअरमधून फोटो बाहेर काढताना लोकेशन वगळण्याची खूण करा. विंडोजवर फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, आणि तळाशी माहिती काढून टाकायचा पर्याय आहे; तिथे फक्त जीपीएसची खूण करा, नाहीतर नावही जाईल. आयफोनवर शेअर करताना वरच्या ऑप्शन्समध्ये लोकेशन बंद करता येतं. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तर ही माहिती गळून पडते, पण तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जशीच्या तशी जाते. फोटोखाली ओळ लिहितानाही मी 'सातारा जिल्हा' एवढंच लिहिते. अमक्या टाकीच्या मागे, तमक्या वळणावर, असं नाही.

लग्नाचे फोटो आणखी जपून. एकदा पाठवणीचा एक फोटो मी स्टुडिओच्या खुल्या गॅलरीत टाकला. नवरी वडिलांच्या सदऱ्याची बाही घट्ट धरून रडतेय, बाहीवर काजळाचा डाग. मला तो त्या वर्षीचा सगळ्यात चांगला फोटो वाटला होता. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला, "ताई, तो काढाल का? सासरी सगळे तोच बघतायत." मी लगेच काढला. आता खुल्या गॅलरीत जाणारे फोटो आधी नवरीला दाखवते, आणि लहान मुलांचे टाकतच नाही. बाकी सगळे पासवर्डच्या गॅलरीत. लिंक ३० दिवसांनी बंद होणार, हे आधीच सांगून ठेवते.

कागदही करा. कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क त्या गिऱ्हाइकाचा. बरेच फोटोग्राफर उलटं समजून चालतात. आमच्या ऑर्डरच्या पावतीवर दोनच ओळी आहेत: हक्क कुणाकडे, आणि स्टुडिओ कोणते फोटो कुठे दाखवू शकतो. खाली दोघांच्या सह्या.

गॅलरी म्हणजे बॅकअप नव्हे. माझ्या मूळ फाइली दोन हार्डडिस्कवर असतात, एक दुकानात आणि एक घरी. तिसरी प्रत क्लाउडवर.

लिंक पाठवण्याआधी एक काम कराच. ती घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर, इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या खासगी विंडोत, उघडा. मी आईचा फोन घेते. पासवर्ड विचारतोय का, डाउनलोडचं बटण दिसतंय का, मागे गेलं की दुसऱ्याच कुणाच्या लग्नाचा अल्बम उघडतोय का, फोटोखाली नकाशा येतोय का, ते बघा. यातलं काहीही खटकलं तर ती लिंक बंद करा आणि नवी बनवा.