सोलर, हिरवी गच्ची आणि पावसाचं पाणी: एकाच इमारतीत कसं जुळवायचं

आधी इमारतीची विजेची गरज कमी करा, यंत्रं नंतर निवडा. क्रम उलटा झाला की एसी गरजेपेक्षा मोठा बसतो, सारखा चालू-बंद होतो आणि हवेतला दमटपणा नीट काढत नाही.

खिडक्यांचं क्षेत्रफळ बाहेरच्या भिंतींच्या ३० ते ४० टक्क्यांच्या आत ठेवा. पूर्व-पश्चिमेला ऊन तिरपं येतं, तिथे छज्जा फारसा कामाचा नाही. काचेच्या बाहेरून उभ्या पट्ट्या लावा. आतला पडदा ऊन अडवेपर्यंत उष्णता आत आलेली असते. अति गडद काचही नको, भर दुपारी दिवे लावावे लागतात. उजेड खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या साधारण दीड ते दोन पट आत पोहोचतो. तेवढ्या भागातले दिवे खिडकीला समांतर रांगांत, स्वतंत्र सर्किटवर घ्या. वायरिंग खिडकीला काटकोनात गेलं असेल तर उजेड पाहून दिवे बंद करणारा सेन्सर बसवूनही वीज वाचत नाही.

खरी ओढाताण गच्चीवर होते. एक किलोवॉट सोलरला मोकळ्या वाटांसह ८ ते १० चौरस मीटर जागा लागते. हिरव्या गच्चीसाठी, म्हणजे झाडांसाठी, टाकलेल्या मातीचा १० सेंमी थर भिजल्यावर चौरस मीटरला १२० ते १५० किलो भरतो, त्यावर पॅनल आणि सांगाड्याचं वजन वेगळं. स्लॅबचा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्याच. पॅनलचे पाये वॉटरप्रूफिंगच्या आधी ओता. नंतर भोकं पाडली की गळती ठरलेली, आणि मग दोन ठेकेदार एकमेकांकडे बोट दाखवतात. माती टाकण्याआधी ५ सेंमी पाणी ४८ तास साठवून बघा. पॅनलची खालची कड मातीपासून किमान ३० सेंमी वर हवी आणि झाडं सेडमसारखी (जाड पानांची, जमिनीलगत पसरणारी) बुटकी. एका पॅनलवर सावली पडली तरी त्याच्याशी एकापुढे एक जोडलेल्या सगळ्या पॅनलच्या मालिकेची वीज घटू शकते.

हिरव्या भागातून झिरपलेलं पाणी पिवळट असतं, त्यातल्या पोषकद्रव्यांमुळे पावसाचं पाणी साठवायच्या टाकीत शेवाळ धरतं. ते बागेकडे वळवा. टाकीत फक्त उघड्या स्लॅबचं पाणी घ्या, पावसाच्या पहिल्या एक-दोन मिलिमीटरचं सोडून द्या. १,००० चौरस मीटरवर २० मिमी पाऊस म्हणजे २०,००० लिटर. गळती-बाष्पीभवन वजा जाता सुमारे १७,०००. हे पाणी फ्लशला वापरा. पाइपांचा रंग वेगळा ठेवा आणि पिण्याच्या लाइनला कुठेही जोड देऊ नका. एसीतून ठिबकणाऱ्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, ते कूलिंग टॉवरला (मोठ्या एसी यंत्रणेचं गरम पाणी थंड करणाऱ्या मनोऱ्याला) द्या.

सोलरची क्षमता सगळ्यात शेवटी, कमी झालेल्या गरजेवरून ठरवा.