शाळा अचानक बंद झाली, तर मूल कोणाकडे राहील?

शाळा बंद झाली म्हणून मुलाच्या ताब्याबाबतचा आदेश बदलत नाही, ही गोष्ट विभक्त पालकांनी सर्वांत आधी मनाशी पक्की करावी. पाऊस, साथ, संप किंवा इमारतीतील बिघाड यांपैकी कारण काहीही असो, त्या दिवशी मूल ज्याच्याकडे असायचे ठरले आहे, त्या दिवसाची जबाबदारी त्याचीच राहते. 'माझे काम तुझ्यापेक्षा महत्त्वाचे आहे' या मुद्द्यावर सकाळी सात वाजता वाद घालून आजवर कोणाचाही प्रश्न सुटलेला नाही.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा हा प्रश्न अनेक न्यायालयांपुढे उभा राहिला. टेक्सास राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तातडीच्या आदेशाद्वारे स्पष्ट केले की, ताब्याच्या वेळा ठरवताना शाळेने आधी प्रसिद्ध केलेले वेळापत्रकच ग्राह्य धरावे; शाळा बंद असल्याने त्यात फरक पडणार नाही. इंग्लंडमध्ये कौटुंबिक न्यायालयांचे प्रमुख सर अँड्र्यू मॅकफार्लेन यांनी त्याच महिन्यात मार्गदर्शन केले की, आदेशातील शब्द जसेच्या तसे पाळणे शक्य नसेल तेथे त्यामागचा हेतू पाळावा, म्हणजे प्रत्यक्ष भेट होत नसल्यास फोन किंवा व्हिडिओवरून संपर्क ठेवावा, आणि आपसांत केलेला बदल चिठ्ठी, ईमेल किंवा मेसेजमध्ये नोंदवून ठेवावा. आपल्याला लागू होणारा नियम आपल्याच न्यायालयाचा असतो हे खरे, पण नोंद ठेवण्याचा सल्ला कुठेही उपयोगी पडतो.

प्रत्यक्षात सर्वाधिक घोळ होतो तो मुलाला सोपवण्याच्या वेळी. 'शुक्रवारी शाळा सुटल्यावर मुलाला शाळेतून घ्यावे' अशी अट अनेक आदेशांत असते आणि तिचा मोठा फायदा असा की, एकमेकांशी बोलणे टाळणाऱ्या दोघांना समोरासमोर यावे लागत नाही. शाळा बंद झाली की हा आडोसाच नाहीसा होतो. म्हणून पर्यायी जागा आणि वेळ शांत काळातच ठरवून लिहून ठेवावी. वेळ शक्यतो शाळा सुटण्याचीच धरावी, म्हणजे कोणाचेही तास कमी-जास्त होत नाहीत. जागा दोघांना चालणाऱ्या नातेवाइकाचे घर असू शकते किंवा वर्दळीचे एखादे सार्वजनिक ठिकाण. पूर्वी हिंसाचार किंवा धमक्या झाल्या असतील, तर जागा आपसांत न ठरवता वकिलामार्फत किंवा न्यायालयाकडूनच ठरवून घ्यावी. शाळा दुपारीच सोडली गेली, तर शाळा बहुधा यादीतील पहिल्या क्रमांकावर फोन करते, मग दिवस कोणाचाही असो. त्यामुळे दोघांचेही क्रमांक शाळेत नोंदवलेले असावेत, मुलाला घरी नेण्याची परवानगी दोघांच्याही नावे असावी आणि शाळेच्या सूचना दोघांना थेट मिळाव्यात. ज्याने मुलाला आणले, त्याच्याकडे ताबा गेला असा अर्थ मात्र कोणी काढू नये.

ज्याचा दिवस आहे त्याला घरी थांबता येत नसेल, तर शेजारी किंवा पाळणाघराकडे वळण्यापूर्वी दुसऱ्या पालकाला विचारावे. काही करारांत तशी अटच असते. किती तासांपेक्षा जास्त गैरहजेरी असेल तर विचारायचे, हेही त्यात लिहिलेले असते. विचारणा छोटी आणि नेमकी असावी: 'उद्या शाळा बंद आहे. दिवस माझा आहे, पण बारा ते पाच मला कामावर जावेच लागेल. तुला जमेल का? रात्री नऊपर्यंत कळव, नाहीतर मी दुसरी सोय करते.' यात जुना हिशेब नाही, टोमणा नाही आणि उत्तर न आल्यास काय होणार तेही स्पष्ट आहे. असे निरोप मुलाच्या तोंडी पाठवू नयेत.

दिलेले तास परत मागावेत का? माझ्या मते एखाद्या दिवसाचा हिशेब ठेवू नये; आठवडाभर मूल सांभाळले असेल, तर मात्र भरपाईचे दिवस तारखांसह ठरवावेत. सांभाळण्याच्या जादा खर्चाची वाटणीही त्याच निरोपात लिहावी.

शाळा बराच काळ बंद राहणार असेल, तर तात्पुरती व्यवस्था लेखी करावी: अभ्यास कोण घेणार, पुस्तके आणि टॅबलेट मुलासोबत जाणार की नाही, ऑनलाइन वर्गाच्या वेळी मूल कोणत्या घरी असेल. या व्यवस्थेला समाप्तीची तारीख हवीच. तारीख नसली की तात्पुरती सोय अंगवळणी पडते आणि पुढे न्यायालयात 'मूल तर इतके महिने माझ्याकडेच आहे' असा युक्तिवाद उभा राहतो.

समोरच्याने शाळा बंद असल्याचे निमित्त करून मुलाला परत पाठवलेच नाही, तर पोटगी थांबवणे किंवा पुढच्या वेळी आपणही मुलाला अडवून ठेवणे, हे दोन्ही मार्ग आपल्याच अंगाशी येतात. ठरलेल्या वेळी ठरलेल्या ठिकाणी हजर राहावे, तसा मेसेज पाठवावा आणि सर्व निरोप तारखांसह वकिलाकडे द्यावेत. आदेशाची अंमलबजावणी मागणारा अर्ज त्याच कागदांवर उभा राहतो.